अक्षता लावलेले स्पेसर

खंडेनवमीला आमच्या घरी दादाचे पाने, हातोडी आणि माझा कॅल्क्युलेटर एकाच पाटावर मांडतात. त्या वर्षी त्यांच्या शेजारी दोन नवे स्पेसर होते. स्पेसर म्हणजे ॲल्युमिनिअमची जाड चकती. चाक ज्यावर बसतं त्या हबवर ती आधी तिच्या नटांनी आवळतात, मग तिच्यावर चाक बसवलं की ते तेवढं बाहेर येतं आणि गाडी रुंद दिसते. जुनी गाडी घेतल्यापासून दादाला मागची चाकं तशी हवी होती. आईनं दोन्ही चकत्यांना ओलं हळदकुंकू लावून अक्षता वाहिल्या.

दसऱ्याच्या सकाळी चिकलठाण्यातल्या आमच्या घरासमोर दादानं गाडी जॅकवर घेतली. चकत्यांवर तांदूळ वाळून घट्ट चिकटले होते. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळं काही सांगायचं झालं की आपण मिरवतोय असं दिसेल, याची धास्ती वाटायची.

"दादा, हबला टेकणारी बाजू पुसून घ्यायची का?"

"दसऱ्याच्या दिवशी आईनं लावलेलं कुंकू पुसतो व्हय?"

"ती बाजू सपाट टेकली पाहिजे. मध्ये दाणे आहेत."

"दाणा तो केवढा. नट आवळले की बसंल."

आई ओट्यावरून ऐकत होती. दादानं चकत्या तशाच हबवर आवळल्या आणि वरून चाकं चढवली.

जेवून आम्ही वैजापूरला मावशीकडं निघालो. दादा चालवत होता, आई त्याच्या शेजारी, मी मागं. जालना रोडवर गाडीनं वेग घेतला तशी माझ्या सीटखाली बारीक थरथर सुरू झाली.

"दादा, मागं थरथरतंय."

"मला स्टिअरिंगवर काय लागत नाय."

"स्पेसर मागं आहेत. मागंच लागणार."

"पुस्तकं वाचली की लई काय काय लागतं," तो म्हणाला.

कदाचित तसंच असेल, असं मला वाटून गेलं. पण त्याचा 'बसंल' हा शब्द डोक्यातून जाईना. दाणे दाबून चुरले की चकती बसणारच होती, आणि तेव्हाच आता घट्ट वाटणारे नट सैल होणार होते. चकतीचे ते नट चाकाच्या आड असतात, बाहेरून दिसत नाहीत. पुढं हायवे होता, आणि आई पुढच्या सीटवर निवांत बसली होती.

"आई, तू जरा मागं येऊन बस," मी म्हणालो.

दादानं करकचून ब्रेक मारत गाडी बाजूला घेतली. आई माझ्या शेजारी आली. गाडी पुन्हा वेगात आल्यावर तिनं सीटवर तळहात टेकवला.

"जात्याचा खुंटा ढिला झाल्यावर लागतं, तसं लागतंय," ती म्हणाली. "थांबव बाबा."

"मग घरीच चला," दादा म्हणाला.

"दसऱ्याला निघाल्यावर माघारी फिरू नये. इथंच बघ."

कडेच्या लिंबाखाली पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला. चाक निघालं. आतल्या नटांना दादानं पाना लावला, तर एक नट जोर न लावताच फिरला. दादाचा हात थांबला. चकती काढली तेव्हा काही दाण्यांचं पीठ झालं होतं, काही अजून अख्खे होते.

आईनं पदराचं टोक ओलं केलं. "मीच लावलं होतं, मीच पुसते."

तिनं चकती लख्ख पुसून दिली. दादानं ती पुन्हा हबवर धरली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "किती आवळू?"

"मला माहीत नाही."

"एवढं शिकला अन् माहीत नाय?"

"किती ते ठरलेलं असतं. मोजायला टॉर्क पाना लागतो. थोडं चालवून परत मोजावं लागतं. आज गॅरेज सगळी बंद. अंदाजानं मी सांगणार नाही."

शेजारून ट्रक गेला. जॅकवरची गाडी हलली, तशी आई दोन पावलं मागं सरली. दादा चकती धरून तसाच बसला होता. मावसभावाला त्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं, गाडी बघच म्हणून. मग त्यानं चकती मातीत ठेवली, चाक उचलून पहिल्यासारखं थेट हबवर बसवलं आणि एकाआड एक समोरचा नट घेत आवळत गेला. दुसऱ्या बाजूचा स्पेसरही त्यानं उतरवला.

पुढं सारा रस्ता मी सीटवर हात टेकवून बसलो. थरथर नव्हती, तरी हात उचलावासा वाटेना.

वैजापुरात मावसभाऊ गाडीभोवती फिरला. "कुठं बाहेर आलीत चाकं? फेकतो व्हय आमच्यापुढं?"

"आमच्या इंजिनियरनं वाटेत उतरवायला लावलं," दादा म्हणाला.

तो चिडून बोलला की कसं, मला कळलं नाही. हात काळे होते म्हणून त्यानं मावशीकडं साबण मागितला. नळाकडं जाता जाता पाना माझ्या हातात दिला.

"निघायच्या आधी नट एकदा बघून घे," म्हणाला.