बर्फावरचं गाढव

आमच्या हार्लेमात चित्रकारांना तोटा नाही, पण माणसं काढावीत तर हिल्लेनंच. माझ्या समोरच राहते. नवरा गेला, त्याचे ब्रश तिच्याकडे आले, आणि त्याच्याहून झकास माणसं ती काढू लागली. लुब्बर्ट हा आमच्याच गावचा दुसरा चित्रकार. त्यानं आभाळ, झाडं, नदी रंगवायची आणि त्यातली बोटभर माणसं हिल्लेनं भरायची. खाली नाव मात्र एकट्या लुब्बर्टचं.

"माझंही घाल की रे," ती किती वर्षं म्हणत होती.

"चित्र म्हणजे माझं घर. भाडेकरूचं नाव पाटीवर कशाला?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. असा राग यायचा मला त्याचा!

मग योरिसनं त्यांना एक चित्र काढायला सांगितलं. बिअरच्या भट्टीवर हा नुकताच गब्बर झालेला. नव्या घराच्या भिंतीवर त्याला बायबलातलं काहीतरी हवं होतं: मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन इजिप्तला पळतात, तो प्रसंग. लुब्बर्टला हिवाळ्याशिवाय दुसरं काही जमत नाही, त्यामुळे इजिप्तच्या वाटेवरही नदी गोठली. या काठापासून त्या काठापर्यंत नुसता बर्फ.

"अरे, गाढव नेऊ कुठून?" हिल्लेनं विचारलं.

"ने बर्फावरून. कोण बघतंय?"

तिनं नेलं. गाढवावर मरिया, पोटाशी बाळ, पुढं लगाम धरून योसेफ, तोंड थेट आमच्या पाववाल्याचं. गाढव बिचारं एकेक पाय चाचपत टाकतंय. हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण आमची ती म्हण काही दोघींनाही आठवली नाही.

चित्र बघायला हिल्लेकडे आलेल्या योरिसला मात्र लगेच आठवली. गाढवाला सुख बोचलं की ते बर्फावर नाचायला जातं, असं म्हणतात ना आमच्याकडे! त्याची मान लालबुंद झाली.

"चार पैसे मिळवले म्हणून मी गाढव काय? कुणी काढलंय हे?"

"मी नाही हो!" लुब्बर्ट किंचाळला. "गाढव हिचं! हिल्ले, नाव घाल तुझं. आत्ताच्या आत्ता घाल!"

हिल्लेनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ब्रश उचलला आणि त्याच्या नावाला खेटून आपलं नाव लिहिलं, चांगलं ठसठशीत. मला रडूच आलं.

योरिसची बायको फेम्मे चित्राला नाक लावून बघत होती. ती म्हणाली, "अहो, किती जपून चालतंय बघा. गेल्या हिवाळ्यात बर्फावर तुम्ही असे चालला असतात तर कंबर शाबूत राहिली असती. घरी न्यायचं हे."

योरिसनं पैसे मोजले. चित्र भिंतीवर लागलं आणि गाढव बघायला अर्धं गाव लोटलं. तेव्हा लुब्बर्ट तेलाचं फडकं घेऊन फेम्मेच्या दारात हजर.

"आता वाद मिटलाच आहे, तर एक नाव पुसून टाकतो."

"पुसा की," फेम्मे म्हणाली. "पण तुमचंच पुसा हं."