जेवणासकट तिकीट

थीम पार्कच्या वेबसाइटवर दोन बटणं होती. एक नुसतं तिकीट आणि खोली, दुसरं जेवणासकट. माझा नवरा बँकेत आहे, त्यामुळे दोन बटणं दिसली की तो कागद-पेन घेतोच.

"आपण चौघं," तो म्हणाला. "त्यातली एक आठ वर्षांची, ती दोन दिवस पॉपकॉर्नवर काढणार. तुझ्या अम्मा चिमणीएवढं खातात. मला उन्हात फिरल्यावर जेवण जात नाही. मग हे पैसे वसूल करणार कोण? तू एकटी?"

"हो, मी एकटी. दाब ते बटण."

त्याचं गणित बरोबर होतं, म्हणूनच मी भडकले. मी भडकते हे आमच्या घरात कुणाला नवीन नाही. त्याने बटण दाबलं नाही, पण कागदही फेकला नाही. तो मी शांत होण्याची वाट बघत बसला.

भावाची मुलगी सुट्टीत आली होती. भाऊ आणि वहिनी परदेशात असतात, त्यामुळे ती दर उन्हाळ्यात आमच्याच शहरात, बसवनगुडीला, माझ्या आईकडे राहते. या वेळी तिला थीम पार्कला जायचं होतं, तेही रात्रीच्या मुक्कामासह, आणि अज्जी आली नाही तर तीही जाणार नव्हती. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. पाळण्यात बसायची नाही, पाण्यात उतरायची नाही. पण नातीला नाही म्हणणं तिला जमत नाही, म्हणून हो म्हणाली. आणि तिने हो म्हटल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आई दोन दिवस माझ्याबरोबर असणार, मग जेवणार काय?

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. मुलीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरी जेवायचं नाही, तिच्या पैशाने बाहेरही नाही, असा आमच्याकडे नियम आहे. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आले. येताना त्यांनी तलवारी आणल्या आणि हा नियम आणला. तलवारींचं काय झालं देव जाणे. पुण्याकडच्या माझ्या मैत्रिणी हे ऐकून हसतात, कारण त्यांच्याकडे ते केव्हाच सुटलं. आम्ही मात्र इथे कन्नड बोलत, सारूभात खात, तो नियम जपून ठेवला. मला मूल नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत आई माझ्या राजाजीनगरच्या घरी किती वेळा आली असेल, पण जेवली एकदाही नाही.

कॉफी मात्र घ्यायची. कॉफी म्हणजे जेवण नव्हे, असा निकाल तिने स्वतःच लावून टाकला होता, कारण या गावात कॉफीशिवाय कुणाच्या घरी बसताच येत नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ती माझ्याकडे आठ दिवस राहिली. येताना पिशवीतून स्वतःचे तांदूळ, डाळ, तिखट, तेलाची बाटली आणि कागदाच्या पुडीत मीठसुद्धा घेऊन आली. माझ्या गॅसवर दोन वेगवेगळे कुकर लावायची. एक आमचा, एक तिचा. मी पलंगावर पडून दोन शिट्ट्या ऐकायची आणि भिंतीकडे तोंड करून रडायची. काही लोक अशा वेळी ताटाखाली पैसे ठेवून जेवतात. आईला ती लबाडी वाटायची.

वडील आठ वर्षांपूर्वी गेले. माझ्या घरचा एक घास न खाता गेले. ते मला सहन होत नाही, अजूनही नाही. आईचं तसं होऊ नये एवढीच माझी इच्छा होती, आणि दर वर्षी ती थोडी आणखी थकलेली दिसत होती.

तर ते बटण. थीम पार्कमध्ये घरचं खाणं नेऊ देत नाहीत, दारात पिशव्या तपासतात. म्हणजे आईचे चपाती आणि मोसरान्नाचे, आमच्या दहीभाताचे, डबे बाद. आत दर वेळी काउंटरवर मी फोन काढून पैसे देताना दिसले, तर ती भूक नाही म्हणून कॉफीवर दोन दिवस काढणार, हे मला लख्ख दिसत होतं. पण जेवणासकट तिकीट घेतलं की मनगटाला एक कागदी पट्टी बांधतात. पट्टी दाखवायची आणि आत जायचं. पैसे देणारा हात कुणाला दिसतच नाही.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने कागदाची घडी केली आणि खिशात घातली. मग बटण दाबलं.

"पण त्या विचारतील ना," तो म्हणाला, "पैसे कुणी दिले म्हणून."

"दादूने दिले म्हणून सांगू."

दादू म्हणजे माझा धाकटा भाऊ. मुलाच्या पैशाने जेवायला आईची काहीच हरकत नव्हती. मी आईला फोन केला आणि सांगितलं की दादूने लेकीच्या हौसेसाठी सगळं बुक केलंय, खाण्यापिण्यासकट. आई "सरी" म्हणाली, म्हणजे ठीक आहे. मी इतकी खूश झाले की दादूला हे सांगून ठेवायला हवं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी आई जेवली. मोठ्या दालनात लांबच लांब टेबलावर भांडी मांडलेली होती. तिने पट्टी बांधलेला हात दारावरच्या माणसापुढे धरला आणि रांगेत उभी राहिली. बिसिबेळेभात घेतला, वर बुंदी टाकली, कोशिंबीर घेतली. नंतर उठून पुन्हा मोसरान्न आणलं. चिमणीएवढं कुठलं, व्यवस्थित जेवली. मी माझ्या ताटात काय होतं ते सांगू शकणार नाही, कारण मी तिच्याकडेच बघत होते. आई माझ्या घरच्या पैशाने जेवत होती. मला वाटलं होतं मला खूप आनंद होईल, आणि झालाही.

मग ती बोट चाटून म्हणाली, "हुडगानं, माझ्या पोरानं, छान केलं. म्हाताऱ्या आईची आठवण ठेवली."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पापडाचा तुकडा मोडला. खोटं मीच सांगितलं होतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

चार वाजता आम्ही कॉफी आणि बटाट्याची भजी घेऊन सावलीत बसलो होतो, तेव्हा दादूचा व्हिडिओ कॉल आला. भाची ओल्या केसांनी फोनला चिकटली आणि सगळी हकिगत एका दमात सांगून शेवटी म्हणाली, "अप्पा, तू दिलेलं जेवण खूप मस्त आहे. अज्जीने दोनदा घेतलं."

"मी कुठे दिलं?" दादू म्हणाला. "सगळं अत्तेनं केलंय. तिला थँक्स म्हण."

आईच्या हातात भजं होतं. तिने ते बशीत परत ठेवलं. कॉफी तेवढी संपवली.

नवरा शहाणा आहे. तो भाचीला घेऊन लगेच बोटींच्या रांगेकडे गेला. मी आणि आई सिमेंटच्या बाकावर राहिलो. समोरून छोटी आगगाडी जायची, तिच्यातली मुलं आम्हाला हात करायची आणि आई प्रत्येक वेळी त्यांना हात करायची. माझ्याकडे बघत नव्हती.

"तू खोटं बोललीस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मला विचारलं असतंस तर?"

"तर तू नाही म्हणाली असतीस." आणि मग माझा तोल सुटला. एकोणीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. "अण्णा गेले, अम्मा. माझ्या घरी एक घास न खाता गेले. तू पण तशीच जाणार आहेस का? माझ्या हातचं जेवायला मला आधी काय काय करून दाखवावं लागणार आहे? मला मूल झालं नाही हा माझा गुन्हा आहे का? तुझे दोन कुकर, तुझी ती मिठाची पुडी, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

बाजूने जाणाऱ्या एका कुटुंबाने वळून बघितलं. आईने पदर सारखा केला. मला वाटलं आता ती उठून जाईल. ती उठली नाही.

"नियमासाठी नव्हतं ग ते," ती म्हणाली. "आधी होतं. नंतर नव्हतं."

"मग कशासाठी?"

"तू डॉक्टरांकडे जात होतीस. तुझ्या घरी ताटावर बसले असते, तर त्याचा अर्थ काय झाला असता? की मी आशा सोडली. आता काही व्हायचं नाही, चला, जेवून घेऊ. आईनेच आशा सोडली तर मग कोण धरणार? म्हणून नाही जेवले. रोज देवासमोर म्हणायची, अजून जेवले नाही हं मी, अजून वाट बघतेय. अण्णा पण तेच म्हणायचे."

सहा वर्षांपूर्वी शेवटच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता पुरे करा. मी एक्केचाळीस वर्षांची होते. घरी येऊन मी आणि नवऱ्याने ठरवलं की आता हा विषय संपला, आणि खरोखर संपवला. थोडं रडलो, मग बरे झालो. पण आईला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच सांगितलं नाही. तिच्या तोंडावर तिला वाईट वाटलेलं बघायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी नियमाला शिव्या देत बसले, आणि ती तिकडे एकटीच सहा वर्षं वाट बघत राहिली.

"अम्मा," मी म्हटलं, "मी वाट बघणं केव्हाच सोडलंय. सहा वर्षं झाली. डॉक्टरांनीच सांगितलं."

"सहा?"

"हो."

"आणि तू बरी आहेस?"

"बरी आहे. खरंच बरी आहे. तू जेवत नाहीस एवढंच दुखतं."

आगगाडी परत आली. या वेळी आईने हात केला नाही. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती. तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवत राहिली, लहानपणी ताप आल्यावर फिरवायची तसा. तिच्या मनगटावरची कागदी पट्टी माझ्या हाताला घासत होती. मला तिची फार माया आली आणि स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी ती आमच्याबरोबर दालनात आली, पण तिने ताट घेतलं नाही. "आज बेडा, नको," म्हणाली. "रागावले नाही. आज मला स्वल्प बसू दे." भाची चार प्रकारची आइस्क्रीम घेऊन आली आणि तिने अज्जीला एकेक चमचा चाखायला लावला. नातीच्या हातचं तिने खाल्लं. एक अख्खं जेवण वाया गेलं, पण बँकेतल्या माणसाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी राहीन.

सकाळी नाश्त्याला आम्ही खिडकीजवळचं टेबल धरलं. नवरा आणि भाची ताटं घेऊन रांगेत गेले. आई खुर्चीत बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. मी उभीच होते. आदल्या संध्याकाळसारखंच होणार, असं मला वाटलं, आणि या खेपेला आपण काही बोलायचं नाही असं मी मनाशी ठरवलं.

"कॉफी आणू का?" मी विचारलं.

"कॉफी नंतर. मी उठणार नाही."

"पाय दुखतायत?"

"पाय कशाला दुखतील? मुलीच्या घरी आई स्वतः वाढून घेते का?" ती म्हणाली. "तू वाढ."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा मी जवळजवळ पळतच गेले. ताट घेतलं, दोन इडल्या घेतल्या, एक वडा घेतला, खोबऱ्याची चटणी घेतली. घाईघाईत सांबार ताटाच्या काठावरून माझ्या ड्रेसवर सांडलं. मागचा माणूस म्हणाला, "मेडम, निधानवागी." हळू घ्या म्हणे. ताट आणून आईसमोर ठेवलं, पाण्याचा पेला उजव्या हाताला ठेवला आणि तिच्यासमोर बसले.

तिने ताटाला नमस्कार केला. इडलीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याला थांबली.

"चटणीत मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "घरी करशील तेव्हा नीट बघून घाल."

"कधी करू?"

ती जरा विचार करत चावत राहिली. "शुक्रवारी नको, माझा उपास असतो. गुरुवारी येते," ती म्हणाली, आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "आणखी एक इडली आण."