धाकटी मैदानावर आली तेव्हा

खेळाडूला खेळ आवडायलाच हवा का, असं कुणी विचारलं की माझी मान आपोआप खाली जाते. मला खो-खो कधीच आवडला नाही. आणि ऐंशीच्या दशकात जयपूरला मी पगार घेत होते तो खो-खोचाच! रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर लागले होते. दुपारपर्यंत ऑफिस, मग मैदान. तिथली वाळू गुडघ्यांत शिरायची, घशात जायची. सूर मारायची वेळ आली की मनात म्हणायचे, मेलं कधी संपतंय हे!

नोकरीच्या चाचणीला सांगलीहून आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. धाकटीचा खो-खोवर जीव. जेवायला बसली तरी पाय हुलकावण्या द्यायचे तिचे. पण त्या दिवशी तेच पाय लटपटले आणि ती लगेच बाद झाली. मला ना प्रेम ना भीती, मी थंड डोक्याने धावले. जागा एकच होती, ती मला मिळाली. धाकटी रडली नाही. सगळ्या गल्लीला सांगत सुटली, "ताईला माझ्यापेक्षा जास्त वेड आहे खेळाचं. तिलाच मिळायला हवी होती." तेवढ्या समजुतीवर तिने मन घट्ट केलं होतं. मी कशाला बोलतेय?

मग एका सुट्टीत ती माझ्याकडे जयपुरात, खातीपुऱ्यातल्या खोलीवर राहायला आली. रोज माझ्याआधी तयार! "चल ना गं ताई, उशीर होतोय." मैदानात शिरताना वाकून माती कपाळाला लावायची. तिच्यादेखत मीही लावायला लागले. टीममधल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. कान तापले माझे, तरी लावलीच.

एका संध्याकाळी आमचे प्रशिक्षक तिच्या शेजारी येऊन बसले. ती कौतुकाने म्हणाली, "दीदी को खेल से बहुत प्यार है ना, सरजी?"

ते मोठ्याने हसले. "प्यार? बेटा, ये तो बस घडी देखती है. पर काम पक्का करती है, इसलिए टीम में है."

मी खांबापाशीच उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि मला खोटं हसूसुद्धा आणता येईना.

परतताना बसमध्ये तिने खिडकीकडची जागा धरली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आवडत नव्हतं, तर त्या दिवशी इतकी धावलीस कशाला गं?"

"अगं, नोकरी हवी होती मला."

"मलाही हवी होती, ताई."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी एकटीच गेले. मातीसाठी वाकले, मग कुणी बघत नाहीये हे लक्षात आलं आणि तशीच सरळ झाले. त्या दिवशीही मी धावले, नेहमीसारखीच चांगली धावले. हेच मेलं अजून खुपतं.