युसुफ, माझी स्कूटर आणि देवपूरची चौकी

मंडळी, चौकीतून थेट सायबर कॅफेत आलोय. आधी हे वाचा.

सकाळी आपला सुदानचा युसुफ देवपुरात माझी स्कूटर चालवत होता. लायसन्स नाही. धडकला भाजीच्या हातगाडीला. कुणाला लागलं नाही, पण वांगी रस्ताभर झाली आणि पोलीस आले.

परदेशी विद्यार्थ्यावर केस झाली तर व्हिसा वाढवून मिळणं अवघड. म्हणून चौकीत मी ठोकून दिलं, "गाडी मी चालवत होतो."

तेवढ्यात बातमी कळून धावत आलेल्या आमच्या मेसवाल्या अक्का, युसुफ आपलाच मुलगा असल्यासारखा त्याचा हात धरून पुढे सरसावल्या. "हाऊ आमना पोऱ्या शे, साहेब! गाडी मीच चालवत होते." अक्कांना सायकलसुद्धा येत नाही!

साहेबांना हसू आवरेना. युसुफ मात्र शांतपणे म्हणाला, "मीच चालवत होतो. दंड भरतो. खोटं बोललो, तर इथे राहू द्या म्हणायला मला तोंड उरणार नाही."

दंड झाला. व्हिसाचं काय, ते साहेबही सांगू शकले नाहीत.

अक्का त्याच्यावर जाम चिडल्यात. पण सांडलेली वांगी विकत घेऊन त्याच्यासाठी भरीत करायला मेसवर गेल्यात.

चौकीत आम्ही तिघे बोललो, खरं बोलला तो एकटा. आता सांगा, त्याला परदेशी कोणत्या तोंडाने म्हणू?