फुगवून सांगणारा मीटर

दर्यापूरच्या स्टँडमागचा बॅटरीवाला कुठलीही बॅटरी मोजण्याआधी खिशातला कोरा सेल मोजतो. "पह्यले मीटरले पाह्यतो, मंग बॅटरीले," म्हणतो. मला ते नाटकच वाटायचं.

माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी त्यानं पावणेबारा व्होल्ट दाखवून बाद ठरवली, तेव्हा मी अकोल्याहून आणलेला स्वतःचा मीटर काढला. त्यावर साडेबारा आले. चोर सापडला, असं मनात म्हटलं.

तो चिडला नाही. माझ्या मीटरच्या पडद्यावरची बारीक खूण दाखवत म्हणाला, "भाऊ, तुमच्या मीटरचाच सेल उतरला. सेल उतरला का मीटर फुगवून सांगते."

त्यानं माझ्या मीटरमध्ये दुकानातला नवा सेल टाकला. पावणेबारा!

आता मीही आधी कोरा सेल मोजतो. तो सेल मात्र त्याच्या दुकानातून घेत नाही, अंजनगावहून आणतो.