राही हे नाव कुणाचं?

चार दिवस झाले, पालमला फोन लावायलेय... माझ्या मामाच्या घरचं एकही माणूस उचलत नाही. अरे, जमिनीत हिस्सा मागत नाही मी! या वयात जमीन घेऊन काय डोक्यावर ठेवू? एक नाव विचारायचंय. एकच नाव.

असो. फेसबुकवरच्या बाकीच्या सगळ्यांना रामराम.

झालं असं... माझा नातू अमोल अमेरिकेत असतो. बायको तिकडचीच, नोरा. तिच्या खापरपणजीच्या आजीनं दुष्काळात आयर्लंड सोडलं अन् जहाजात बसून तिकडं गेली. त्यांच्यात रीत अशी, की पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव. म्हणून ही नोरा, हिची आई ब्रिजेट, आजी नोरा, पणजी ब्रिजेट... एक सोडून एक.

त्याच धाग्यानं या पोरीनं चर्चमधली जुनी रजिस्टरं धुंडाळली आणि पार त्या जहाजातल्या बाईपर्यंत पोचली. मला लय कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं सात पिढ्या घडाघडा सांगणारे पुरुष आहेत. त्या साती पिढ्यांत एक बाई सापडायची नाही.

मागच्या आठवड्यात नोराला दुसरी मुलगी झाली. दुसरीला बापाच्या आईचं नाव द्यायचं, म्हणजे माझ्या सुनेचं. सून फोनवरच ओरडली, "अगं बाई, मी जित्ती हाय अजून!" आपल्याकडं गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात, ते नोराला कुठून ठाऊक... मग एक पायरी वर, तर मी. मी पण जित्तीच. मग माझी आई.

आईचं नाव गंगाबाई, मी सांगितलं. पण लग्नात बाईचं नाव बदलतात हे अमोलनं तिला आधीच सांगून ठेवलेलं. ती म्हणाली, "ते सासरचं झालं, आजी. जन्माचं कोणतं?"

ऐंशी पार केलेल्या बाईला स्वतःच्या आईचं नाव सांगता येईना.

मग नोरा म्हणाली, आईचं जे आठवतं ते सांगा. आठवतं ते फार नाहीच...

निजाम जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ताडकळसच्या जवळ आमचं गाव, तिथं मराठी शाळा नवी नवी निघालेली. मास्तर दारोदार फिरून पोरी गोळा करायचे. आमच्या दारात आले तेव्हा वडील शेतात होते. आईला विचारलं, "पोरीचं नाव काय, बाई?"

माझं नाव काशी. वडिलांच्या मेलेल्या आईचं ठेवलेलं. आता सासूचं नाव सून तोंडातून काढणार कसं? आईनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "राही." घरात कुणी नसलं की ती मला त्याच नावानं हाक मारायची. मास्तरांनी तेच लिहिलं.

संध्याकाळी वडिलांना कळलं. "माझ्या मायचं नाव ठिवलंय पोरीला, अन् हे राही कुठून आणलंस?" आई भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी शाळेत जाऊन ते नाव खोडायला लावलं.

वर्षाच्या आत आई बाळंतपणात गेली. त्यानंतर मला राही कुणी म्हटलं नाही. शाळा दुसरीतच सुटली, आणि लग्नाच्या मांडवात काशी पण गेली. इंदुबाई झाले.

अमोल एकेक वाक्य तिला सांगत होता. नोरा एवढंच म्हणाली... "आजी, राही हे त्यांचंच नाव असेल का?"

मी फोन ठेवून दिला. आधी संतापच आला. सत्तर वर्षं झाली, माझ्या डोक्यात हे आलं नाही, आणि त्या परमुलखातल्या पोरीला पाच मिनिटांत सुचलं! मला वाटायचं, आईनं असंच कुठलं तरी नाव उचललं असेल. पण कुणाला न विचारता लेकीला देता येईल असं दुसरं काय होतं तिच्याजवळ...

खरंखोटं सांगणारं आता एकच माणूस उरलंय, पालमची मामी. मामा भाऊबीजेला आईला माहेरच्याच नावानं बोलवायचा, ते मामीनं ऐकलेलं आहे. नव्वदी ओलांडलीय, कानानं ठार बहिरी, पण डोकं अजून जागेवर आहे.

नोरा, तुझं भलं होवो. तुझ्या माणसांनी घर सोडलं, देश सोडला, पण बायकांची नावं सोडली नाहीत. आम्ही इथंच बसून हरवली.

आता रघू, मामाचा नातू. दिवसभर फेसबुकवर असतोस, हिरवा ठिपका दिसतो मला. ऊठ. मामीच्या कानाशी तोंड ने आणि ओरडून विचार, "तुमच्या नणंदेचं माहेरचं नाव काय?" राही का, असं आपणहून सुचवायचं नाही. तिच्या तोंडातून निघेल तेच इथं लिहायचं. रविवारी पाळणा आहे.

बाकी कुणी हात जोडलेली चित्रं टाकू नका. उत्तर मामीचं पाहिजे, आणि ते रघूनंच द्यायचं.