पापण्यांना शेक

कळमनुरीत घराच्या पुढच्या खोलीत मी शिलाईचं काम करते. दोनेक वर्षं माझ्या डोळ्यांची आग व्हायची, खडा गेल्यासारखं टोचायचं आणि मग पाणी सुरू व्हायचं. ब्लाऊजचं माप घेता घेता मी पदराने डोळे पुसायचे. समोरची बाई हळूच विचारायची, "घरी काही तकलीफ हाय का?" मी नाही म्हणायचे, तरी गल्लीत बोभाटा झालाच: सासू सुनेला रडवते.

सासूबाईंच्या कानावर ते बाजारात आलं. घरी येऊन भाजीची पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "मी तुला कधी काही बोलले का?"

"नाही, आत्याबाई."

"मग लोकं मला काहून नावं ठेवून राहिलेत? उद्या चल नांदेडला. डोळे दाखवू."

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून डोळे पाहिले, पापणीची कड दाबून पाहिली. "डोळे कोरडे आहेत."

"बाई, हिचं पाणी थांबून न्हाई राहिलं, अन् तुमी कोरडे म्हणता?" सासूबाई म्हणाल्या.

"पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्या तेलामुळे डोळ्यात ओल टिकते. यांच्या ग्रंथी तुंबल्यात, तेल तुपासारखं थिजलंय. ओल उडून जाते, आग होते, म्हणून डोळा नुसतं पाणी सोडत राहतो."

थिजलेलं तूप सासूबाईंना लगेच पटलं. "मग गरम करा की."

"तेच करायचंय."

मला खुर्चीत मागे रेलवलं आणि मिटलेल्या पापण्यांवर यंत्राच्या गरम पट्ट्या लावल्या. ऊब बरी वाटली, डुलकीच यायला लागली. नंतर मात्र बधिर करणारे थेंब टाकून, पातळ झालेलं तेल बाहेर काढायला एकेक पापणी चिमट्याने दाबली. तेव्हा मी सासूबाईंचा हात धरला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तो कधी धरला नव्हता. त्यांनीही सोडवून घेतला नाही.

परतताना पापण्या लाल होत्या. बसमध्ये शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, तर तिने काही विचारायच्या आतच सासूबाईंनी सांगून टाकलं, "रडत न्हाई ती. तेल थिजलंय डोळ्याचं."

फरक पडायला काही आठवडे गेले. आग कमी झाली, पाणीही. पूर्ण गेलं नाही. कूलरचा वारा लागला की अजून टोचतं, आणि पुढे हे सगळं परत करावं लागेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय. रोज सकाळी मी गरम फडक्याने डोळे शेकते. फडकं सासूबाई पिळून देतात, आणि उरलेल्या पाण्यात स्वतःसाठीही एक भिजवतात. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही.